दहापैकी दहा जुळलं, मग त्रास का होतोय?

रिपोर्ट हातात येतो. त्यावर १०/१० असं लिहिलेलं असतं. रक्ताच्या कर्करोगाने आजारी भावाला बहिणीच्या रक्त बनवणाऱ्या पेशी पूर्ण जुळल्या. त्या रात्री घरात बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी नीट झोप लागते. मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतं, रक्तपेशींचे काऊंट वर यायला लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तळहात लाल होतात, अंगावर पुरळ उठतं, जुलाब सुरू होतात. डॉक्टर सांगतात, जीव्हीएचडी आहे, म्हणजे बहिणीच्या पेशी भावाच्या शरीरावर हल्ला करतायत. घरचे विचारतात, "अहो, पण सगळं जुळलं होतं ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दोन मिनिटांत घाईघाईने दिलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. कारण न कळलेल्या उत्तराच्या जागी लोक स्वतःच एखादं उत्तर बसवतात. रुग्णाला वाटतं आपलं पथ्य चुकलं. बहिणीला वाटतं आपल्या पेशींतच खोट होती.

माणसाच्या शरीरात सुमारे २० हजार जनुकं असतात. सख्ख्या भावंडांच्या डीएनएतही लाखो जागी फरक असतो. १०/१० हा आकडा त्यातल्या मोजक्या दहा जागांबद्दल बोलतो. त्या दहा जागा अतिशय महत्त्वाच्या आहेत, पण बाकीचं शरीर त्या रिपोर्टमध्ये नसतं.

रक्त एकाचं, देह दुसऱ्याचा

रक्तातल्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजेच बोन मॅरोत, तयार होतात. ज्या पेशींपासून त्या तयार होतात त्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया अशा आजारांत हा कारखानाच बिघडलेला असतो. ट्रान्सप्लांटमध्ये आधी जोरदार केमोने, कधी रेडिएशनने, जुना मगज रिकामा करतात आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती दबवतात. मग दात्याच्या मूळ पेशी साध्या सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. त्या स्वतःच वाट शोधत हाडांत जाऊन बसतात. काही आजारांत रुग्णाच्याच पेशी काढून ठेवून परत देतात. तो प्रकार वेगळा. इथे दुसऱ्याच्या पेशींबद्दलच बोलूया.

यानंतर जे घडतं ते वैद्यकशास्त्रात क्वचितच कुठे घडतं. रुग्णाचा रक्तगट हळूहळू दात्याचा होतो. त्याच्या रक्तातून डीएनए काढला तर तो दात्याचा निघतो. त्वचा, यकृत, आतडं, फुप्फुस मात्र जन्माचंच राहतं. एका शरीरात दोन माणसांची जनुकं कायमची एकत्र नांदू लागतात. म्हणून ट्रान्सप्लांटनंतरच्या कुठल्याही त्रासामागे जनुकं आहेत का, असं विचारताना आणखी एक प्रश्न जोडावा लागतो: कोणाची जनुकं? रुग्णाची, दात्याची, की दोघांमधला फरक? पुढचा सगळा लेख या एका प्रश्नाभोवती फिरतो.

चौकट आणि फोटो

सगळ्यात मोठा धोका दोघांमधल्या फरकाचा. तो समजायला एक चित्र डोळ्यांसमोर आणा. शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. घराच्या बाहेरच्या भिंतीवर काही चौकटी टांगलेल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीत आत काय चाललंय त्याचा एक छोटा फोटो लावलेला आहे. पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी हे गस्तीवरचे पहारेकरी. ते दारोदार फिरून फोटो बघतात. आत विषाणू शिरला असेल तर त्याचा तुकडा फोटोत दिसतो आणि पहारेकरी ते घर पाडून टाकतात.

ही चौकट म्हणजे एचएलए नावाची प्रथिनं. फोटो म्हणजे पेशीच्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे. दात्याचे पहारेकरी दात्याच्या घरच्या चौकटी बघत लहानाचे मोठे झालेले असतात. रुग्णाच्या शरीरात आल्यावर त्यांना अनोळखी चौकटी दिसल्या, तर आत काहीही असो, ते घर शत्रूचं ठरतं. दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या अवयवांवर केलेल्या या हल्ल्याचं नाव जीव्हीएचडी. सुरुवातीला तो त्वचा, आतडं आणि यकृत यांना गाठतो. जुनाट प्रकारात डोळे-तोंड कोरडं पडतं, त्वचा आवळते, फुप्फुसांनाही इजा होऊ शकते.

डॉनल थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी १९५७ मध्ये माणसांवरचे सुरुवातीचे प्रयत्न प्रसिद्ध केले, तेव्हा या चौकटींची कुणाला ओळखच नव्हती. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये जाँ दोसे यांनी या गटातलं पहिलं प्रथिन ओळखलं. दोसे यांना १९८० चं आणि थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. जुळवाजुळव शिकण्यात एवढी वर्षं गेली आणि त्या वर्षांत गेलेल्या रुग्णांनीच आजच्या रुग्णांना हे ज्ञान दिलं.

चौकटींची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असतात, त्यामुळे ती एका जुडीत वारशाने येतात. आईच्या दोन जुड्यांतली एक, वडिलांच्या दोनांतली एक. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. चार भावंडं असली म्हणजे एक नक्की जुळणार असं मात्र नाही. प्रत्येकाची सोडत वेगळी निघते, त्यामुळे चारांपैकी किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के येते.

रिपोर्टमधले दहा म्हणजे ए, बी, सी, डीआर आणि डीक्यू या पाच जनुकांच्या प्रत्येकी दोन जागा. काही केंद्रं डीक्यू सोडून आठ मोजतात. एका जागेने किती फरक पडतो? अमेरिकेतल्या परक्या, म्हणजे नात्याबाहेरच्या दात्यांच्या साडेतीन हजारांहून जास्त ट्रान्सप्लांटचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठपैकी आठ जुळलेल्यांतले ५२ टक्के रुग्ण वर्षभरानंतर हयात होते, आठपैकी सात जुळलेल्यांतले ४३ टक्के. हे आकडे तेव्हाच्या औषधांचे आहेत, आजच्या नाहीत.

आणि अकरावी-बारावी जागाही आहे, डीपी. ती जुडीपासून थोडी लांब असल्यामुळे परक्या दात्याशी दहापैकी दहा जुळूनही बहुतेक वेळा डीपी जुळत नाही. सगळेच डीपी फरक सारखे त्रासदायक नसतात. काही फरक पहारेकऱ्यांना चालतात, काही चालत नाहीत, आणि ते आधी पडताळता येतं. परक्या दात्यांत निवड करायला वाव असेल तर डॉक्टरांना डीपीबद्दल जरूर विचारावं.

रक्तगट वेगळा असेल तर?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे, एचएलए सहाव्या. दोन्हींचा वारसा स्वतंत्र. त्यामुळे पूर्ण जुळणाऱ्या भावंडाचा रक्तगट वेगळा असू शकतो आणि तरी ट्रान्सप्लांट होऊ शकतं. पेशी देताना काही जास्तीची काळजी घ्यावी लागते, कधी लाल पेशी यायला उशीर होतो, इतकंच.

चौकट तीच, फोटो वेगळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बहीण-भावाच्या चौकटी तंतोतंत सारख्या होत्या. मग हल्ला का? कारण चौकटीतला फोटो वेगळा होता.

फोटोत पेशीच्या आतल्या कुठल्याही प्रथिनाचा तुकडा असू शकतो. रुग्णाच्या एखाद्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल वेगळं असेल, तरी दात्याच्या पहारेकऱ्याला तो चेहरा अनोळखी वाटतो. सगळ्यात स्पष्ट उदाहरण बहिणीकडून भावाला होणाऱ्या ट्रान्सप्लांटचंच आहे. भावाच्या पेशींत वाय गुणसूत्र आहे आणि त्याच्यापासून बनणारी काही प्रथिनं बहिणीच्या शरीरात कधी नव्हतीच. स्त्री दाता आणि पुरुष रुग्ण अशा जोडीत जुनाट जीव्हीएचडीचं प्रमाण जास्त आढळतं. दात्या स्त्रीला मुलगा झालेला असेल तर गरोदरपणातच तिच्या प्रतिकारपेशींची या प्रथिनांशी तोंडओळख झालेली असू शकते. म्हणूनच, बाकी सगळं सारखं असेल आणि दोन दाते हाताशी असतील, तर पुरुष रुग्णासाठी अनेकदा भावाला पसंती मिळते. दुसरा पर्याय नसेल तर बहिणीच्या पेशी नि:शंक घेतल्या जातात.

दुसरं उदाहरण मला विशेष बोलकं वाटतं. यूजीटी२बी१७ नावाचं एक जनुक काही निरोगी माणसांत मुळातच नसतं. त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. पण असा माणूस दाता झाला आणि रुग्णाकडे ते जनुक असलं, तर दात्याच्या पहारेकऱ्यांना रुग्णाच्या शरीरात एक संपूर्ण अपरिचित प्रथिन दिसतं. इथे कुणाचंच जनुक बिघडलेलं नाही. एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, एवढ्यावरून ठिणगी पडते.

असे छोटे फरक कुठल्याही दोन माणसांत असतातच. जुन्या पद्धतीची प्रतिबंधक औषधं देऊनही, पूर्ण जुळणाऱ्या भावंडांत तीव्र जीव्हीएचडी साधारण ३५ ते ४५ टक्के रुग्णांत दिसतो असा आकडा वर्षानुवर्षं सांगितला गेला. त्यातल्या बऱ्याच जणांत तो सौम्य असतो आणि औषधाने आटोक्यात येतो. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता. तो चौकटींचा रिपोर्ट होता.

औषध कोणाचं यकृत पचवतं?

आता रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांकडे वळू. या भागाबद्दल घरच्यांशी फारसं बोललं जात नाही आणि मला ते खटकतं, कारण इथलं ज्ञान आजच वापरता येतं.

जीव्हीएचडी रोखायला टॅक्रोलिमस नावाचं औषध बरेचदा देतात. त्याची रक्तातली पातळी कमी पडली तर पहारेकरी मोकाट सुटतात, जास्त झाली तर मूत्रपिंडाला इजा होते. हे औषध मोडण्यात सीवायपी३ए५ या जनुकाचा मोठा हात आहे. ज्यांच्याकडे त्याची काम करणारी प्रत असते ते औषध झपाट्याने संपवतात, आणि त्यांच्यासाठी सुरुवातीचा डोस नेहमीच्या दीड ते दोन पट ठेवण्याची शिफारस आहे. शेजारशेजारच्या बेडवरच्या दोन रुग्णांना एकाच औषधाचा वेगवेगळा डोस दिसला तर कुणाच्या हातून चूक झाली असं समजू नका. बुरशीवरचं व्होरिकोनाझोलही असंच. सीवायपी२सी१९ हे जनुक अतिवेगाने काम करणारं असेल तर नेहमीच्या डोसमध्ये औषधाची पातळी गाठलीच जात नाही.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. ट्रान्सप्लांटनंतर औषध पचवणारं यकृत रुग्णाचंच असतं, पण नसेतून काढलेल्या रक्तातला डीएनए दात्याचा असतो. म्हणजे ही तपासणी ट्रान्सप्लांटनंतर रक्तावर केली तर उत्तर दुसऱ्याच माणसाचं मिळेल! म्हणून रुग्णाच्या डीएनएचा नमुना आधीच घेऊन ठेवलेला बरा. नंतर त्वचेतून घेता येतो, पण ते जास्त खटाटोपाचं. गालाच्या आतून पुसून घेतलेल्या नमुन्यातही दात्याच्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असू शकतात.

मगज रिकामा करणाऱ्या औषधांचंही तसंच. बुसल्फानची पातळी कमी राहिली तर दात्याच्या पेशी रुजत नाहीत किंवा आजार उलटतो. जास्त झाली तर यकृतातल्या बारीक शिरा बंद पडण्याचा धोका वाढतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांत दाखवलं, की विषारी पदार्थ निकामी करणारं जीएसटीएम१ हे जनुक ज्यांच्यात नसतं त्यांना यकृताचा हा त्रास जास्त होतो. बुसल्फानच्या बाबतीत मात्र जनुक बघण्यापेक्षा रक्तातली पातळी थेट मोजणं जास्त भरवशाचं, आणि अनेक केंद्रं तेच करतात.

आणि मग फॅन्कोनी ॲनिमिया. या आजारात डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणाच जन्मतः अधू असते. या मुलांना इतरांसारखा केमोचा डोस दिला तर शरीरातल्या पेशी सावरूच शकत नाहीत, औषधच जिवावर उठतं. फ्रान्समधल्या एलियान ग्लुकमन यांनी हे ओळखून अशा मुलांसाठी डोस खूप कमी केला. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी जगातलं पहिलं नाळेच्या रक्ताचं ट्रान्सप्लांट केलं, तो मुलगाही फॅन्कोनीचाच होता आणि नाळ त्याच्या नवजात बहिणीची. एका जनुकाचं निदान आधी झालं की नाही यावर मूल वाचणं अवलंबून असावं, यापेक्षा ठोस उदाहरण मला सुचत नाही.

जंतूंशी लढताना दोघांचीही जनुकं

नवी प्रतिकारशक्ती दात्याची असल्यामुळे तिचे कच्चे दुवेही दात्याकडूनच येतात. ॲस्परजिलस ही हवेतली बुरशी निरोगी माणसाला काही करत नाही, ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला मात्र घातक ठरू शकते. बुरशी ओळखण्याच्या कामातल्या टीएलआर४ आणि पीटीएक्स३ या जनुकांची काही रूपं दात्यात असतील तर रुग्णाला या संसर्गाचा धोका वाढलेला दिसला, असे अभ्यास २००८ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट जंतूंना चिकटणारी काही प्रथिनं यकृतात बनतात, ती रुग्णाच्या जनुकांनुसार बनतात. म्हणजे पहारेकरी एकाच्या घरचे, त्यांच्या हातातले काही दिवे दुसऱ्याच्या घरचे.

घरातलाच दाता, घरातलंच जनुक

काही घरांत रक्ताच्या कर्करोगाकडे झुकवणारा बदल वारशाने आलेला असतो. आरयूएनएक्स१, जीएटीए२, डीडीएक्स४१ ही त्यातली काही जनुकं. असा बदल जुळणाऱ्या भावंडातही असेल, तर ज्या दोषामुळे आजार झाला तोच दोष नव्या पेशींसोबत परत येतो. भावंड वरकरणी ठणठणीत असू शकतं. म्हणून घरात रक्ताचे आजार आणखी कुणाला झाले होते का, असं डॉक्टर खोदून विचारतात तेव्हा आठवून, नातेवाइकांना फोन करून सांगावं. लहानपणी गेलेल्या आत्याची गोष्ट इथे कामाची ठरू शकते.

वयस्क दात्यांत आणखी एक शक्यता असते. साठीच्या पुढे अनेकांच्या मगजात डीएनएमटी३ए सारख्या जनुकात बदल झालेल्या पेशींची एक छोटी वसाहत वाढू लागते. दात्याला त्याचा काही त्रास नसतो. ती वसाहत रुग्णात जाऊ शकते, पण त्यातून नवा कर्करोग उद्भवणं दुर्मीळ आहे.

मग सगळीच जनुकं तपासून का घेत नाहीत?

कारण कुठल्या जनुकावर किती भरवसा ठेवायचा हे शास्त्राला अवघड गेलं आहे. एनओडी२ चं उदाहरण घ्या. हे जनुक आतड्यातले जंतू ओळखतं आणि क्रोन्स या आतड्याच्या आजाराशी त्याचा संबंध २००१ मध्ये सापडला. केमोने आतड्याचं अस्तर फाटतं, जंतूंचे तुकडे रक्तात शिरतात आणि दात्याच्या पेशी भडकतात, हे माहीत होतंच. त्यामुळे २००४ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या गटाने एनओडी२ ची काही रूपं आणि तीव्र जीव्हीएचडी यांचा संबंध दाखवला तेव्हा सगळ्यांना धागा सापडल्यासारखं झालं. पुढे इतर केंद्रांनी तपासलं, तर कुठे संबंध दिसला, कुठे अजिबात नाही. औषधं वेगळी, प्रतिजैविकं वेगळी, रुग्ण वेगळे. दाह वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या रसायनांच्या कितीतरी जनुकांचं हेच झालं.

त्यामुळे "ट्रान्सप्लांटचा धोका सांगणारी जनुक चाचणी" म्हणून कुणी महागडं पॅकेज समोर ठेवलं तर एकच विचारा: या उत्तरामुळे उपचारात नेमकं काय बदलणार? एचएलए, औषधं पचवणारी दोन-चार जनुकं, वारशाने येणाऱ्या आजाराची जनुकं यांच्या बाबतीत ठोस उत्तर मिळतं. बाकी बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. रुग्णाचं आणि दात्याचं वय, आजाराची अवस्था, जुने संसर्ग यांचा परिणाम अनेकदा या बारीक जनुकांपेक्षा मोठा असतो.

पूर्ण जुळणारा दाता नसेल तर?

पूर्वी इथेच दार बंद व्हायचं. जगभरच्या नोंदणीत आज ४ कोटींहून जास्त दाते आहेत, पण ते सगळ्या समाजांत सारखे वाटलेले नाहीत. २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती, काही कृष्णवर्णीय गटांत जेमतेम १६ टक्के. आपल्या चौकटी आपल्या पूर्वजांकडून येतात, त्यामुळे ज्या समाजातले लोक नोंदणी करत नाहीत त्या समाजातला रुग्ण ताटकळत राहतो.

आता आई, वडील, मूल किंवा अर्धं जुळणारं भावंडही दाता होऊ शकतं. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध देतात. तोवर रुग्णाच्या शरीराविरुद्ध खवळलेल्या टी पेशी वेगाने वाढू लागलेल्या असतात, औषध नेमकं त्यांना टिपतं. मूळ पेशींकडे ते निष्प्रभ करण्याची सोय असल्यामुळे त्या वाचतात. या पद्धतीने न जुळणाऱ्या चौकटींचं वजन बरंच कमी केलं.

म्हणजे जुळं भावंड सगळ्यात चांगला दाता?

एकसारख्या जुळ्यांत जीव्हीएचडी जवळपास होतच नाही. चौकट तीच, फोटो तोच. पण १९९० मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जुळ्याकडून पेशी घेतलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. ज्यांना जीव्हीएचडी झाला होता त्यांच्यात ते कमी होतं. फोटो वेगळा ओळखणारा पहारेकरी केमोतून निसटलेली कर्करोगाची पेशीही ओळखतो. हा दबाव किती खरा आहे ते मिलानमधल्या डॉक्टरांना २००९ मध्ये दिसलं. अर्ध्या जुळणीनंतर काही रुग्णांत आजार परतला, तेव्हा कर्करोगाच्या पेशींनी न जुळणाऱ्या चौकटींची अख्खी जुडीच टाकून दिलेली होती, म्हणजे पहारेकऱ्यांना वेगळं काही दिसूच नये.

म्हणून तळहातावर लाली दिसल्यावर डॉक्टर स्टेरॉइड सुरू करतात, पण दात्याच्या पेशी पार गप्प करायला कचरतात. डोस आठवड्याआठवड्याने बघत उतरवतात. बहीण विचारते, "माझ्यामुळेच हे झालं का?" तिला खरं सांगायला हवं. हो, पुरळ उठवणाऱ्या पेशी तुझ्याच आहेत. भावाच्या मगजात लपून राहिलेली कर्करोगाची पेशी आज शोधत फिरणाऱ्याही तुझ्याच आहेत.